स्वयंपाकघराचा दिवा, हाताने

सोमवार, ५ फेब्रुवारी. सकाळी ५ वाजून ४० मिनिटं.

बाबांच्या खोलीतला स्विचबोर्ड उघडून त्याच्यासमोर स्टुलावर बसलो आहे. मेन स्विच बंद, टॉर्च खिडकीच्या कट्ट्यावर, वही मांडीवर. बोर्डात न्यूट्रलची तार नाही. नसणार हे मला आधीच कळायला हवं होतं, दिवसभर लोकांच्या घरी हेच तर बघतो. जुन्या घरांत बटणापर्यंत एकच जिवंत तार आणलेली असते. माझं मॉड्यूल म्हणजे काडेपेटीएवढी डबी. ती बटणामागे बसते आणि कॉम्प्युटरचं ऐकून दिवा लावते. पण तिला स्वतःला जागं राहायला दोन्ही तारा लागतात. म्हणजे छतातून नवी तार ओढणं आलं, आणि आज कामावर उशीर होणार.

हे सगळं कशासाठी चाललं आहे ते एकदा नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे वैताग आला की वाचता येईल.

बाबांना नोव्हेंबरात अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय थोडा परत आला, हात नाही, आणि बोलणं तोंडात पीठ धरल्यासारखं झालं. आई चार वर्षांपूर्वी गेली. मी विजेच्या दुकानात कामाला आहे, साडेआठ ते सहा, रविवारी सुट्टी. दुपारी साडेबाराच्या सुमारास समोरच्या काकू येऊन बाबांना जेवायला वाढतात. बाकीचा वेळ ते एकटे असतात. ताईचं म्हणणं, असं माणसाला टाकून ठेवता येत नाही. भावजींनी एक जागा पाहिली आहे. ते तिला ‘केंद्र’ म्हणतात. वृद्धाश्रम हा शब्द त्यांच्या तोंडून एकदाही आलेला नाही. दहा हजार अनामत भरून झाली आहे. २९ तारखेला सही करायची, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. मी ताईला म्हटलं, २९ पर्यंत वेळ दे. बाबा अंथरुणावरून दिवा, पंखा, दार सगळं स्वतः चालवतील आणि काही लागलं तर मला तिथल्या तिथे कळेल. ती हो म्हणाली. भावजी म्हणाले, “घर बोलायला लागलं म्हणून माणूस चालायला लागत नाही.”

कॉम्प्युटर जुना आहे, दुकानाशेजारच्या दुरुस्तीवाल्याकडून घेतला. त्याला सगळे पेंग्विन म्हणतात, कारण त्याच्या टेबलावर त्या पक्ष्याचं चित्र चिकटवलेलं आहे आणि तो चालतोही तसाच. त्याने त्यावर लिनक्स घालून दिलं आणि घर चालवणारा एक प्रोग्रॅम. सगळं खुलं आणि फुकट. कोणाच्या मालकीचं नाही, आणि त्यामुळे बिघडलं तर तक्रार करायला कोणी नाही. सूचना इंग्रजीत आहेत. माझी शाळा नववीत सुटली. शब्दकोश घेऊन बसतो.

शुद्धलेखन मात्र सुटलं नाही, कारण ते शाळेने शिकवलंच नव्हतं. बाबांनी एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. लहानपणी माझी अशीच वही ते वाचायचे नाहीत, फक्त चुका बघायचे. न वाचता चुका कशा दिसतात हे मला अजून कळलेलं नाही.

बुधवार, ७ फेब्रुवारी.

आवाजाचं प्रकरण बसवलं. माइक ७०० ला. मी “खोलीतला दिवा” म्हटलं की दिवा लागतो. काकूंनी म्हटलं, लागला. रेडिओवर कोणी बाई काहीतरी म्हणाली, तरी लागला. बाबांनी म्हटलं, काही नाही. पुन्हा म्हटलं, काही नाही. मी त्यांना सावकाश म्हणायला सांगितलं, मग तोडून तोडून, मग नुसतं “दिवा”. सतरा वेळा. अठराव्या वेळी पंखा सुरू झाला. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि डोळे मिटले.

मला त्यांचा राग आला. खोटं कशाला लिहू? दिवा हा एवढासा शब्द आहे. मग मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो आणि मला माझा राग आला. मग कॉम्प्युटरचा. तो तेवढा टिकला.

शनिवार, १० फेब्रुवारी.

आवाज रद्द. आता मोठी बटणं. पलंगाच्या डाव्या बाजूला चार: दिवा, पंखा, दाराची कडी आणि मला बोलवायची घंटा. घंटा दाबली की माझ्या फोनवर निरोप येईल. दाराला विजेची कडी घेतली, १,९०० ला पडली. पैशांची ओढाताण होती म्हणून बाबांचा व्यायाम घ्यायला येतात त्या बाईंना या महिन्यापुरतं येऊ नका म्हणून सांगितलं. जानेवारीचेही त्यांचे राहिले आहेत. त्या म्हणाल्या, आत्ता कुठे पाय उचलायला लागले होते, वॉकर धरून उभे राहतात, आत्ता सोडू नका. मी म्हटलं, एकच महिना. वॉकर दारामागे ठेवला आहे.

मला वाटतं निर्णय बरोबर आहे. बाबा केंद्रात गेले तर तो व्यायाम काय कामाचा?

रविवार, ११ फेब्रुवारी.

चालतंय! सकाळी सातपासून कॉम्प्युटर चालूच होत नव्हता, कारण सूचनांच्या फायलीत बावन्नाव्या ओळीत एक मोकळी जागा जास्त पडली होती. पाच तास गेले. अक्षर न् अक्षर बरोबर आणि एका रिकाम्या जागेपायी घरभर अंधार. बाबांना सांगितलं तर ते हसले. नोव्हेंबरापासून पहिल्यांदा. म्हणाले, “असंच... असायचं.” छापखान्यातलं म्हणत असावेत.

चारही बटणं चालतात. काकूंना जिन्यात उभं करून बाबांकडून दार उघडवलं. काकू म्हणाल्या, आता मला किल्ली शोधायला नको, घर माझं झालं.

सोमवार, १२ फेब्रुवारी.

घंटा तीन वेळा वाजली. पहिल्यांदा ९:५० ला. मी एका ऑफिसात शिडीवर होतो. उतरलो, फोन केला, उचलला नाही (फोन त्यांच्या उजव्या बाजूला होता), मालकांना सांगून धावत घरी आलो. बाबांना काही नको होतं. मी किती वाजता येणार, हे विचारायचं होतं. दुसऱ्यांदा ११:३० ला, खिडकीत कबुतर आलं होतं. तिसऱ्यांदा २:१५ ला. तेव्हा मी गेलोच नाही. संध्याकाळी विचारलं तर म्हणाले, चुकून.

मालक म्हणाले, “वडील आहेत की साहेब?” सगळे हसले. घरी येऊन मी बाबांना स्पष्ट सांगितलं की घंटा खऱ्या अडचणीसाठी आहे. आवाज चढला माझा. त्यांनी मान हलवली.

बुधवार, १४ फेब्रुवारी.

घंटा दोन दिवसांत एकदाही नाही. समजले.

आज स्वयंपाकघरातही मॉड्यूल बसवलं. त्या खोलीला खिडकी नाही, भर दुपारी दिवा लागतो, आणि काकू वाढून झालं की तो तसाच ठेवून जातात. आता मी दुकानातून बंद करू शकतो. बटण बाहेर बोळात, उंबऱ्याजवळ आहे. शिवाय प्रोग्रॅम प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवतो: कोणता दिवा, किती वाजता, कॉम्प्युटरच्या आज्ञेने की भिंतीवरच्या बटणाने. बटणाने असेल तर ‘हाताने’ असं दाखवतो. ते मराठी मी केलं आहे.

गुरुवार, १५ फेब्रुवारी.

पहिला दोष. स्वयंपाकघराचा दिवा ११:०४ ला लागला, ११:१५ ला बंद झाला. नोंद: हाताने. काकू १२:२५ ला आल्या. त्याआधी घरात बाबांशिवाय कोणी नव्हतं.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी.

पुन्हा. १०:५८ ते ११:०९. काकूंना विचारलं, सकाळी एकदा येऊन गेलात का? नाही म्हणाल्या. बाबांना विचारलं, काही आवाज आला का? त्यांनी छताकडे पाहत नाही म्हटलं.

मला वाटतं हा उसना दाब आहे. बटणाची तार मेन तारेला खेटून लांबवर गेली असेल तर तिच्यात उगाच थोडी वीज येते आणि मॉड्यूलला वाटतं कोणी बटण दाबलं. मालकांनाही हे माहीत आहे. एक कपॅसिटर जोडला की जातं.

शनिवार, १७ फेब्रुवारी.

कपॅसिटर जोडला. ११:०२ ला दिवा लागला. नऊ मिनिटं.

रविवार, १८ फेब्रुवारी.

आज मुद्दाम सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोळात खुर्ची टाकून स्वयंपाकघराच्या बटणाकडे बघत बसलो. एकदाही नाही. बाबांनी दोनदा हाक मारून बाहेर जाऊन ये म्हटलं, ऊन चांगलं आहे म्हणाले. मी म्हटलं, दोष सापडेपर्यंत नाही. दुपारी ते फार चिडचिड करत होते. पाय आखडला म्हणाले. अंथरुणात पडून आणखी काय होणार?

रविवारी दोष का नाही, हा मुद्दा आहे. रविवारी काय बंद असतं?

सोमवार, १९ फेब्रुवारी.

सापडलं असं वाटतं. खालच्या मजल्यावर सुताराचं दुकान आहे. रविवारी ते बंद असतं! त्याची विजेची करवत सुरू झाली की सगळ्या इमारतीचा दाब हलतो. सकाळी त्याच्याकडे गेलो आणि करवत कधी कधी सुरू करतो त्याच्या वेळा लिहून ठेवशील का म्हणून विचारलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. “माझी करवत तुझा दिवा लावत असेल तर अर्धं बिल तू भर,” म्हणाला. पण पेन्सिल कानावरून काढून फळीवर वेळा लिहिल्या बिचाऱ्याने. ९:३०, १०:१५, २:४०. आजचा दोष ११:०६ चा. नऊ मिनिटं. जमत नाही.

मंगळवार, २० फेब्रुवारी.

आणखी एक गोष्ट, जी लिहायला बरी वाटत नाही. डब्यात सकाळी अकरा बिस्किटं होती, संध्याकाळी नऊ. काल तेरा होती, अकरा झाली. रोज दोन. बोळातल्या फरशीवर काळे पुसट डाग असतात, रबराचे, बहुतेक काकूंच्या चपलेचे. मी रोज पुसतो. बिस्किटांबद्दल मी काकूंना सरळ काही बोललो नाही, फक्त डबा वर ठेवू का, तुमचा हात पोचतो ना, असं विचारलं. त्यांना बरोबर समजलं.

“मला साखर आहे रे,” काकू म्हणाल्या. “मी कशाला खाईन तुझी बिस्किटं? जीव नकोसा झालेला नाही मला अजून.”

मग त्यांनी बाबांकडे पाहिलं, आणि बाबांनी त्यांच्याकडे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उंदीर असेल तर सापळा लावायला हवा. आजचा दोष आठ मिनिटांचा.

गुरुवार, २२ फेब्रुवारी.

काल दोनदा लागला, सकाळी आणि दुपारी तीनला. आज एकदा, सहा मिनिटं. आता संध्याकाळी बाथरूमचं मॉड्यूल स्वयंपाकघरात आणि तिथलं इथे बसवलं. दोष मॉड्यूलमध्ये असेल तर तो बाथरूममध्ये जाईल, तारेत असेल तर इथेच राहील.

दुपारी नोंदी छापून पेंग्विनला दाखवल्या. त्याने चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाशी धरला आणि म्हणाला, “‘हाताने’ लिहिलंय ना? मग हात शोध.” मी म्हटलं, घरात चालता-फिरता हातच नाही. तो म्हणाला, प्रोग्रॅमला खोटं बोलायचं काही कारण नाही, त्याला पगार मिळत नाही. त्याच्या दुकानात तीन गिऱ्हाईकं होती. मी कागद घेऊन निघून आलो. कॉम्प्युटरच्या चार हजारांतले दीड हजार त्याला अजून द्यायचे आहेत, नाहीतर चांगलं बोललो असतो.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी.

स्वयंपाकघरच. दोनदा. म्हणजे तारेत आहे. तार बदलायची तर भिंत फोडावी लागेल, आणि सहा दिवस उरले.

आज ताईचा फोन आला. तिने तयारी विचारली. मी सगळं सांगितलं: दार, दिवा, पंखा, घंटा. मग प्रामाणिकपणे दोषही सांगितला. चूक केली. मागून भावजींचा आवाज ऐकू आला, आपोआप दिवे लागणाऱ्या घरात म्हाताऱ्या माणसाला एकटं ठेवायचं, आणि उद्या आग लागली तर? ताई काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा तिचं ठरलेलं असतं.

फोन ठेवल्यावर एक क्षण मनात आलं, जाऊ देत. तिथे बायका असतात, डॉक्टर असतो, मला सकाळी पाचला उठून फायली वाचाव्या लागणार नाहीत. हे इथे लिहून ठेवतो, कारण आलं होतं.

शनिवार, २४ फेब्रुवारी. सायंकाळी ७.

आजचा दोष पाच मिनिटांचा. दोष आपोआप लहान होत चालला आहे, पण जात नाही. म्हणून तार तशीच ठेवून नियम लिहिला. मी घरात नसताना (माझा फोन घरच्या वायफायवर नाही यावरून कॉम्प्युटरला कळतं) स्वयंपाकघराचा दिवा ‘हाताने’ लागला, तर तीन सेकंदांत बंद. काकूंसाठी बारा ते दीड सूट ठेवली. मोकळ्या जागा दोनदा मोजल्या. पहिल्याच झटक्यात चालला.

भावजींना आता दाखवता येईल की असा दिवा लागला तर यंत्र स्वतः विझवतं.

सोमवार, २६ फेब्रुवारी. सकाळी ११ वाजून २५ मिनिटं.

एका गिऱ्हाइकाच्या जिन्यात बसून लिहितो आहे. नियम चालला! ११:०८ ला फोनवर निरोप आला: दिवा लागला, नियमाने बंद केला. लगेच पुन्हा लागला, पुन्हा बंद केला. असं चार वेळा. मग दोषाने हार मानली. पाचव्यांदा लागला नाही. मालकांना फोन दाखवला. ते म्हणाले, दुकानातही बसव, माणसं दिवे लावून जेवायला जातात. तीन आठवड्यांत पहिल्यांदा हलकं वाटतंय.

त्याच दिवशी. संध्याकाळी ६ वाजून ५० मिनिटं. दवाखान्यातून आल्यावर.

काकू १२:२० ला आल्या तेव्हा बाबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत जमिनीवर पडलेले होते. वॉकर आडवा त्यांच्या पायांवर. शुद्ध होती. काकूंनी मला फोन केला आणि खालच्या सुताराला हाक मारली. त्याने बाबांना पाठीवर घेऊन जिन्यातून खाली आणलं. मी पोचलो तेव्हा टॅक्सी निघत होती.

उजव्या मनगटाचं हाड चिरलं आहे. जो हात चालतच नव्हता तोच मोडला. प्लॅस्टर घातलं. बाकी मुका मार.

टॅक्सीत बाबा एकच सांगत होते. मला कळत नव्हतं, मी म्हणत होतो, बोलू नका. काकूंना कळलं. त्या म्हणाल्या, दिवा म्हणतायत ते. दिवा गेला म्हणतायत.

एक्स-रेच्या रांगेत मी फोनवर नोंदी उघडल्या.

११:०८:२१, लागला, हाताने. ११:०८:२४, बंद, नियमाने.
११:०८:३३, लागला, हाताने. ११:०८:३६, बंद, नियमाने.
११:०८:४१, लागला, हाताने. ११:०८:४४, बंद, नियमाने.
११:०८:५८, लागला, हाताने. ११:०९:०१, बंद, नियमाने.

पाचव्यांदा त्यांनी बटण दाबलं नाही. अंधारातच पुढे गेले.

११:०९ ते १२:२०. एक तास अकरा मिनिटं. घंटा पलंगाजवळ होती. त्यातली पंधरा मिनिटं मी जिन्यात बसून ही वरची ओळ लिहीत होतो. ती खोडलेली नाही.

मंगळवार, २७ फेब्रुवारी.

कामावर गेलो नाही. सकाळी बाबांना डाव्या हाताने चहा पाजून... नाही, ते स्वतः प्यायले, मी फक्त बशी धरली. मग विचारलं, का सांगितलं नाहीत?

ते बराच वेळ शब्द जुळवत राहिले. मी मध्ये बोललो नाही.

“आधी... जमू दे म्हटलं,” बाबा म्हणाले. “मग सांगू.”

स्वयंपाकघरच का, विचारलं. त्यांनी डाव्या हाताची बोटं दोनदा उघडमीट करून आणि वर चार दाखवून सांगितलं: चौदा पावलं. घरातली सगळ्यात लांबची जागा. तिथे स्टूल आहे, बसायचे, दोन बिस्किटं खायचे, परत यायचे. काकूंना माहीत होतं. व्यायामाच्या बाईंनी काकूंना शिकवून ठेवलं होतं काय बघायचं ते. बाबांनी शपथ घातली होती मला सांगायचं नाही म्हणून. आणि मी उंदराच्या सापळ्याचा विचार करत होतो.

काकूंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, माफी राहू दे, पण दुसऱ्याच्या चपलेचे डाग मोजत जाऊ नकोस.

नियम पुसला. स्वयंपाकघरातलं मॉड्यूल काढलं, तारा पूर्वीसारख्या जोडल्या. बाबा दारातून बघत होते, खुर्चीत बसून. मला घाम फुटला होता. दुकानात शिकायला लागलो तेव्हा मालक मागे उभे राहायचे तेव्हा फुटायचा तसा.

ताईला पडल्याचं कळवलं. कसे पडले ते सांगितलं नाही. ती रडली आणि म्हणाली, बघ, हेच मी म्हणत होते.

गुरुवार, २९ फेब्रुवारी. संध्याकाळी ८ वाजून १५ मिनिटं.

ते दोघं सहाला आले, साडेसातला गेले. सगळं क्रमाने लिहितो.

भावजींनी फॉर्म आणला होता. वाईट माणूस नाहीत ते. येताना बाबांसाठी मऊ चपला आणल्या होत्या आणि फॉर्म लगेच बाहेर काढला नाही. ताई बाबांचा प्लॅस्टरचा हात मांडीवर घेऊन बसली. भावजी म्हणाले, कोणाची चूक नाही, तू तुझ्या परीने केलंस, पण आता पुरावाच समोर आहे. एकट्याने उठले आणि पडले.

माझ्या खिशात दोषांची यादी होती. तीच, पेंग्विनला दाखवलेली, पुढच्या तारखा घालून. मी उभा राहून वाचली. पंधरा तारीख, अकरा मिनिटं. सोळा, अकरा. सतरा, नऊ. एकोणीस, नऊ. वीस, आठ. एकवीस, दोनदा, आठ आणि सात. बावीस, सहा. तेवीस, दोनदा, सहा आणि सहा. चोवीस, पाच. ताईने विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, हे बाबा चालले ते आहे. अकरा वेळा. व्यायाम बंद केल्यावर, कोणी न धरता.

मग भावजींनी विचारलं, आणि विचारायलाच हवं होतं, “एवढं जमत होतं, तर मग पडले कसे?”

इथे मी गप्प राहू शकलो असतो. तोल गेला म्हटलं असतं तर कोणी तपासलं नसतं, बाबाही बोलले नसते. ते माझ्याकडे बघत होते आणि मला वाटतं त्यांनी किंचित मान हलवली, नको म्हणून. पण तोल गेला म्हटलं तर फॉर्मवर सही झाली असती. आणि खरं सांगितलं तर ताई माझ्या हवाली त्यांना ठेवणार नाही. दोन्हीकडून तेच. म्हणून खरं सांगितलं.

“त्यांच्या डोक्यावरचा दिवा मी घालवला. चार वेळा,” मी म्हटलं. “पाचव्यांदा ते अंधारात गेले.”

नियम काय होता ते समजावून सांगितलं. व्यायामाच्या बाईंना बंद केलं, ते सांगितलं. घंटेवरून ओरडलो होतो, तेही. ताईने माझ्याकडे असं पाहिलं की मी ते इथे लिहू शकत नाही. म्हणाली, तुझा कॉम्प्युटरवर विश्वास आहे, दारामागच्या वॉकरवर नाही. फॉर्म भावजींनी तोवर काढला होता, पेनचं टोपणही.

मग बाबांनी डावा हात पुढे केला. भावजींना वाटलं फॉर्म मागतायत, त्यांनी दिला. बाबांनी तो बाजूला ठेवला आणि माझ्याकडची यादी मागितली. पेन घेतलं. ती त्यांनी ओळ न् ओळ वाचली, बोट फिरवत, पूर्वी मुद्रितं वाचायचे तशी. मग पंधरा तारखेच्या वर, कागदाच्या डोक्यावर जी कोरी जागा होती तिथे, डाव्या हाताने, वाकड्या मोठ्या आकड्यांत लिहायला लागले. १२. त्याच्यापुढे ‘दार’. १३. त्याच्यापुढे ‘बोळ’. १४. ‘बोळ’. आणि समासात घालायची खूण केली, शब्द राहिला की करतात ती.

मी घंटेसाठी ओरडलो ती बारा तारीख. तेव्हा स्वयंपाकघरात मॉड्यूल नव्हतं. कॉम्प्युटरला ते तीन दिवस माहीतच नाहीत.

लिहायला बराच वेळ लागला. कोणी मदत केली नाही. भावजी आधी घड्याळाकडे बघत होते, मग कागदाकडे बघायला लागले. चौदापर्यंत आल्यावर बाबांनी पेन टोपण लावायला ताईकडे दिलं आणि म्हणाले, “आता... पूर्ण.”

भावजींनी फॉर्मची आधी दुहेरी, मग चौपट घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवला. अनामत परत मिळत नाही, म्हणाले, नियम आहे त्यांचा. नियम म्हणताना माझ्याकडे पाहिलं. मला ते लागायचं तेवढं लागलं. अर्धी मी देईन म्हटलं. ताईच्या अटी अशा: व्यायामाच्या बाई आठवड्यातून तीनदा, निम्मे पैसे ती देणार. बुधवारी ती स्वतः येणार. अकरा वाजता, बाबा चालतात तेव्हा, काकू बोळात खुर्ची टाकून बसणार, आणि मी काकूंना त्याबद्दल काही बोलायचं नाही. घंटा कितीही वेळा वाजली तरी मी जायचं. सहा महिन्यांनी पुन्हा बघू. ती जाताना माझ्याशी बोलली नाही. भावजी जिन्यातून परत वर आले आणि दाराची कडी कशी चालते ते विचारून गेले.

शुक्रवार, १ मार्च. सकाळी ६ वाजून २० मिनिटं.

घंटा सकाळी ५:५५ ला वाजली. गेलो. किती वाजले विचारत होते.

फेब्रुवारीचा हिशोब.

खर्च:
कॉम्प्युटर, पेंग्विनला दिलेले: २,५००
मॉड्यूल पाच (एक आता रिकामं पडून): ३,२५०
बटणं, डबी, तार: ८४०
दाराची कडी: १,९००
माइक, वाया: ७००
कपॅसिटर, गरज नव्हती: १२०
एक्स-रे, प्लॅस्टर, औषधं: २,३५०
एकूण ११,६६०.

देणं:
पेंग्विन: १,५००
व्यायामाच्या बाई, जानेवारीचे: १,८००
मालकांकडून उचल: ३,०००
भावजी, अर्धी अनामत: ५,०००
एकूण ११,३००.

बाबांना दाखवलं. त्यांनी देण्याच्या यादीत खूण केली: टॅक्सीचे १४० काकूंनी भरले होते, ते राहिले. ते धरून देणं ११,४४०.